न दिलेला उखाणा

"दिवा मालवून दार ओढते, किल्ली खोचते कमरेला,
तुम्ही व्हा पुढं श्रीनिवासराव, मी येतेच सोबतीला."

पद्माकाकूंचा तो आवाज मेधाच्या कानात कधीचा घर करून राहिला होता. हळू, थोडा खरखरीत, आणि तरीही नव्या नवरीसारखा लाजलेला. मेलबर्नच्या एका हॉस्पिटलात, दुपारी, निळ्या पडद्यापलीकडून तो आला होता. मेधा हातात मऊ भाताचा डबा घेऊन पडद्याच्या अलीकडे उभी होती. श्रीनिवासकाका काही खात नव्हते. त्यांच्या पोटात काही राहतच नव्हतं, आणि आता कशाचा उपयोग नाही हे तिघांनाही ठाऊक होतं. तशात काकांनी बायकोला चिडवलं होतं, "साऱ्या गावाला नवऱ्याची नावं घ्यायला शिकवतेस. माझं कधी घेतलंस? घे, म्हणजे दोन घास खातो."

आणि काकूंनी घेतलं.

मग काकू म्हणाल्या, "हा कुणाला सांगायचा नाही हं. हा आपला दोघांचा."

"नाही सांगणार," काका म्हणाले. "शब्द."

मेधा पाऊल न वाजवता मागे फिरली. लिफ्टपाशी जाऊन उगाच उभी राहिली, डोळे पुसले, आणि मग चपला मुद्दाम फटफट वाजवत पुन्हा आली. "काकू, भात आणलाय. गरम आहे."

त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. कानावर आलेलं कुणाला थोपवता येतं? चुकलं ते पुढं.

काका गेले त्याला तीन वर्षं होत आली तेव्हा मेधाच्या घरी इंटरनेट आलं. तिचा नवरा विश्राम याने ऑफिसमधून टाकून दिलेला एक कॉम्प्युटर उचलून आणला आणि जेवणाच्या टेबलाच्या कडेला मांडला. मोडेम सुरू झालं की फोन बंद पडे आणि सासूबाईंचा ठाण्याहून आलेला फोन लागत नसे, यावरून घरात जे काय रुसवेफुगवे व्हायचे ते व्हायचेच. पण विश्राम कामाला आणि लेक श्रिया शाळेत गेली की मेधा त्या खुर्चीवर जाऊन बसायची. पुण्यात बँकेत नोकरी करत होती ती. इथं तिच्या अनुभवाला कुणी विचारत नव्हतं, आणि दिवस मात्र रबरासारखा ताणला जायचा.

त्या कॉम्प्युटरात तिला एक जत्राच सापडली, आणि जत्रेत सगळं फुकट! स्वतःचं पान मांडायला जागा फुकट. पानाखाली घालायला झेंडूच्या फुलांचं चित्र फुकट. हलणारी पणती फुकट, किती लोक येऊन गेले ते मोजणारा आकडा फुकट, पाहुण्यांनी चार शब्द लिहून जावेत म्हणून वहीसुद्धा फुकट. कुणी स्वेटरचे नमुने मांडून बसलं होतं, कुणी कागदी कंदिलाची घडी शिकवत होतं, कुणी भरतकामासाठी फोटोचे चौकोन पाडून देत होतं. सगळे जण हाका मारत होते, घ्या, वापरा, आवडलं तर न्या. मेधा चित्रावर उजवं बटण दाबायची आणि न्यायची. हाताला सवयच लागली तशी.

असं नेता नेताच तिला एक गंमत सुचली. नवऱ्याचं नाव लिहायचं, बटण दाबायचं, की उखाणा तयार! कॅनडातल्या कुणा मास्तरांनी रोज एक सुविचार दाखवायची युक्ती लिहून ठेवली होती. तीच तिने उचलली. "वापरा, फक्त वर माझं नाव राहू द्या," असं त्यांनी लिहिलं होतं. मेधाने त्यांचं नाव इमानदारीने राहू दिलं. सुविचाराच्या जागी उखाणे घातले, आणि नावाच्या जागी एक रिकामा चौकोन. मराठी अक्षरं दिसायची सोय नव्हती तेव्हा, म्हणून इंग्रजी लिपीत. पानाला नाव दिलं, 'नाव घ्या ना!'

उखाणे कुठून आणायचे हा प्रश्नच नव्हता. मेलबर्नात कुणाचं डोहाळजेवण असो की मंगळागौर, पोरी पद्माकाकूंनाच फोन लावायच्या. "काकू, एखादा द्या ना, छोटासा, पाठ होईल असा." काकू कणीक मळता मळता द्यायच्या.

"ट्रॅमला नाही घाई, ट्रेनला नाही वेळ... नाव काय गं त्याचं? हां. माधवरावांशी जमला माझा जन्माचा मेळ. चालेल?"

मेधा पान दाखवायला कॉम्प्युटरसमोर घेऊन आली तेव्हा काकूंनी चष्मा पुसून पुसून पाहिलं. विश्रामचं नाव घालून बटण दाबलं, तर पडद्यावर आलं,

"मेलबर्नच्या थंडीत आंब्याला येत नाही मोहर,
विश्रामरावांच्या संगतीनं इथंच झालं माहेर."

"अगं बाई! हा तर माझा!" काकू खुदकन हसल्या. "आता मला कोण विचारतंय? मशीनच बसवलंस तू माझ्या जागी."

"तुमचं नाव घालू का खाली, काकू?"

"छे गं. उखाण्याला कसलं आलंय नाव! घालायचं ते नवऱ्याचं." आणि मग ताटात भाजी वाढावी तसे त्यांनी आणखी उखाणे वाढले. मेधाने लिहून घेतले. त्यात तो एक नव्हता. तो त्यांनी दिला नाही, आणि मेधाने मागितला नाही.

पान चालायला लागलं. ह्यूस्टनहून, मस्कतहून, कुठून कुठून लोक यायचे. वहीत लिहायचे, मजा आली, लग्नाची आठवण झाली. आणि एक दिवस कुणीतरी लिहून गेलं, 'छान आहे, पण सगळे हसवणारेच. काळजाला हात घालणारा एकही नाही.'

एवढंच. पण ते मेधाला लागलं. दिवसभर भांडी घासताना, श्रियाला आणायला जाताना ती तेच घोळवत राहिली. काळजाला हात घालणारा कुठला, ते तिला पक्कं माहीत होतं. तिने स्वतःला समजावलं. काकांचं नाव तर काढूनच टाकायचंय. नाव गेलं की उरलं काय? दोन ओळी. रिकामा चौकोन. काकू काही कॉम्प्युटरवर बसत नाहीत, आणि इतक्या उखाण्यांतून तोच वर येणार आहे थोडाच! इतकं सुंदर काहीतरी पडद्याआड कोमेजून जावं का? शेवटी तर तिला असंही वाटलं की आपण काकूंचं भलंच करतोय.

तिने तो घातला. घालताना ती अडखळली नाही, हेच तिला पुढं सगळ्यात जास्त टोचत राहिलं.

पुढच्या महिन्यात सावनीचं डोहाळजेवण होतं, ग्लेन वेव्हर्ली या उपनगरात, शनिवारी दुपारी, इथल्या भाषेत आर्वोला. सावनी हौशी पोर. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि बाळाची चाहूल लागल्यापासून चेहऱ्यावर आलेली ती झळाळी. पद्माकाकू सकाळपासून तिच्या स्वयंपाकघरात होत्या. ओटी भरायची वेळ आली तशा त्या आपणहून मागे सरल्या आणि मसालेभाताच्या पातेल्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. इथं कुणी त्यांना सर म्हणत नव्हतं. त्याच सरायच्या.

"नाव घे, नाव घे!" बायकांनी गिल्ला केला. तिचा नवरा संजीव बाहेर पोर्चमध्ये पुरुषांत उभा होता, त्याला दारात ओढून आणलं.

"मेधाताईच्या वेबसाइटवरून पाठ केलाय हं," सावनी म्हणाली. "हसायचं नाही." आणि तिने पदर सावरून घेतला.

"दिवा मालवून दार ओढते, किल्ली खोचते कमरेला,
तुम्ही व्हा पुढं संजीवराव, मी येतेच सोबतीला!"

हशा उसळला. "अगदी बरोबर! हा गाडीत बसून हॉर्न मारत बसतो!" कुणीतरी ओरडलं. "मेट, यू आर बस्टेड! पकडला गेलास!" पोर्चमधून कुणी म्हणालं. टाळ्या वाजल्या.

मेधाने स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिला पाहायचं नव्हतं, पण मान वळली. काकूंच्या हातात भाताने भरलेला डाव होता आणि तो तसाच हवेत होता. पातेल्यावर नाही, ताटावर नाही. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. गर्दीत कुणी आपल्याला नावाने हाक मारावी आणि वळून पाहावं तर कुणी ओळखीचं नसावं, तसं काहीतरी होतं. मग त्यांनी डाव पातेल्यात ठेवला, झाकण लावलं आणि हात धुतले.

जेवणं झाल्यावर बेसिनपाशी त्या मेधाच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"सावनीचा उखाणा तुझ्या मशीनमधला ना?"

"हो."

"मी नव्हता दिला तो."

"नाही, काकू."

"मग तुला कुणी दिला?"

नळ वाहत होता. मेधाच्या हातात कुणाची तरी वाटी होती. खरं बोलायला तेवढा क्षण पुरेसा होता. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "पाठवतात ना लोक. पानावर सोय आहे तशी. नाव नव्हतं टाकलं कुणी."

"असं," काकू म्हणाल्या. वाटी मेधाच्या हातातून घेऊन त्यांनी ती पुसली, फडताळात ठेवली. "असं होय."

घरी आल्या आल्या मेधाने तो उखाणा काढून टाकला. किती सोपं होतं ते! दोन ओळी काळ्या केल्या, बटण दाबलं, गेल्या. पण शोधायला बसली तर न्यू जर्सीच्या कुणा बाईच्या पानावर तोच, गुलाबी पार्श्वभूमीवर, खाली लिहिलेलं 'कवी अज्ञात'. आणखी एका पानावर, तिथं तर गाणंही वाजत होतं. जसं तिने उचललं होतं तसंच लोकांनी तिच्याकडून उचललं होतं.

"काय झालंय?" विश्रामने विचारलं. "आठवडाभर तोंड पाडून बसलीयेस."

"एक उखाणा चुकून पडला पानावर. नको होता पडायला."

"मग काढ ना. नो वरीज."

"काढला."

"मग झालं तर! दोन ओळींसाठी कोण एवढं मनाला लावून घेतं?"

भात करपल्याचा वास यावा आणि पातेलं कुठं आहे तेच कळू नये, तसे तिचे दिवस चालले होते. काकूंचा फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. नाही वाजला की त्याहून जास्त.

आणि मग एका सकाळी नॉर्बर्टअंकल आले. वसईचे नॉर्बर्ट, रिटायर्ड ड्राफ्ट्समन, श्रीनिवासकाकांचे जिवाभावाचे दोस्त. हॉस्पिटलातही रोज संध्याकाळी येऊन बसायचे. काका गेले त्या पहिल्या वर्षी तिथीला जेवायला भटजी मिळेना. एक सिडनीला गेलेला, दुसऱ्याचा फोन लागेना. तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "ह्यांच्या पानावर बसायला ह्यांचा माणूस पाहिजे, मग तो देवळात जाणारा असो की चर्चला." आणि नॉर्बर्टना बसवलं. नॉर्बर्टनी आधी क्रूस केला, मग चित्राहुती घातली, आणि वाढलेलं सगळं खाल्लं. अळूची भाजी दोनदा मागून घेतली, कारण काका दोनदा घ्यायचे. तेव्हापासून दर वर्षी तिथीचं पान नॉर्बर्टचं. काकू तिथीच्या आधीच्या आठवड्यात फोन करायच्या आणि ते न्हाव्याच्या दुकानात जाऊन केस कापून घ्यायचे.

"मेधा पोरी, एक विचारू?" चहाचा कप त्यांनी हातातच धरून ठेवला होता. "तुझ्या त्या पेजवर कोण काय पाठवतं, ते कळतं का तुला?"

"का, अंकल?"

"वहिनी माझ्याशी बोलत नाय. पहिलं वाटलं, तब्येत असेल. मग घरी गेलो तर दारातच विचारलं मला, 'नॉर्बर्टभाऊ, ह्यांनी तुम्हाला आमचं काही सांगितलं होतं का? शेवटी शेवटी?' मी म्हटलं, काय? तर म्हणे, 'काही नाही. मेधाच्या पानावर कुणीतरी ते पाठवलंय. तुम्ही असाल तर आता तरी कबूल करा.' अरे, कबूल काय करू? श्रीनिवास मला शेवटी शेवटी एवढंच सांगायचा की तू पत्ते बेकार खेळतोस!" ते हसायला गेले आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. "परवा तिथी आहे. या वर्षी फोन नाय आला. मी आपला केस कापून बसलोय."

मेधाने त्यांच्या मानेकडे पाहिलं. नीट कापलेले पांढरे केस, कॉलरवर एखादा बारीक तुकडा राहिलेला. तिच्या ओठांवर आलं होतं. अगदी आलं होतं. पण आधी यांना सांगून टाकलं तर काकूंना ते नॉर्बर्टच्या तोंडून कळेल, असं तिने मनाशी कारण शोधलं. भिणाऱ्या माणसाला कारणं फार चांगली सुचतात.

"मी बघते, अंकल," ती म्हणाली. "मी काकूंशी बोलते."

"बोल. तुझं ऐकतात त्या. लेक मानतात तुला."

ते गेल्यावर ती बराच वेळ कपाकडे बघत बसली. त्यात साय धरली होती.

तिथीच्या सकाळी श्रियाला शाळेत सोडून ती तशीच काकूंकडे गेली. वसंत लागला होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना प्लमची झाडं पांढरी झाली होती आणि पाकळ्या गाडीच्या काचेवर पडत होत्या. एरवी या दिवशी काकूंच्या दारातच अळूचा, तुपाचा, वड्यांचा वास यायचा. आज काही नाही. दार नुसतं लोटलेलं होतं.

काकू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर बशीत टोस्ट. एक तुकडा मोडलेला, बाकी तसाच. गॅस थंड.

"आलीस? बस. चहा करू?"

"काकू, आज तिथी ना?"

"माहीत आहे." त्यांनी टोस्टचा कण बोटाने बशीच्या कडेला लावला. "नाही करणार यंदा."

"का?"

"कुणासाठी करायची?" आवाज मुळीच चढला नव्हता. "मेधा, तुला सांगते. आमच्या वेळी नवराबायको काही बोलत नव्हते गं. चाळीस वर्षं झाली, 'मीठ कमी आहे,' 'बिल भरलं का,' असलंच. एकदाच काय ते मी ह्यांच्याशी बोलले. एकदाच. आणि म्हटलं, कुणाला सांगू नका. तर हे म्हणाले, शब्द. हाच शब्द म्हणाले, 'शब्द'." त्या थांबल्या. "सावनी म्हणाली ना, तेव्हा सगळे हसले. हसण्यासारखाच आहे तो. पण ह्यांनीही असाच हसत हसत सांगितला असेल कुणाला तरी. नॉर्बर्टभाऊंना, नाहीतर त्या नर्सला, कुणाला कोण जाणे. बायको बघा काय म्हणाली! आणि मी वेडी, तीन वर्षं रोज उठून फोटोशी बोलते, की येते हो, आवरून येते. कुणाशी बोलत होते मी?"

बाहेर कुणाचं तरी लॉनमोअर सुरू झालं आणि बंद पडलं.

"रडू पण येत नाही," काकू म्हणाल्या. "गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हे फार वाईट. 'मी नाही सांगितलं' असं तरी म्हणायला तो हवा ना."

मेधाचे हात टेबलाखाली एकमेकांत घट्ट गुंतले होते. घरून निघताना तिने वाक्यं जुळवली होती. आधी हे सांगू, मग ते. आधी माफी, मग कारण. आता एकही जुळेना. 'तुमचंच भलं करत होते', 'इतका सुंदर होता', 'नाव तर काढलंच होतं', यातलं काही म्हणायची लाज वाटली. काकांना बोलता येत नव्हतं, आणि बोलता येणारं एकच माणूस या खोलीत तोंड मिटून बसलं होतं.

"काकू, मला काही सांगायचंय. तुम्ही मला घरातून हाकललंत तरी चालेल."

काकूंनी मान वर केली.

"माझ्या पानावर तो कुणीच पाठवला नव्हता. बेसिनपाशी मी खोटं बोलले. हॉस्पिटलात त्या दुपारी मी भाताचा डबा घेऊन बाहेर उभी होते आणि मी ऐकला. तुमचा उखाणा, आणि काकांनी दिलेला शब्दही. तुम्ही कुणाला सांगू नका म्हणालात तेही ऐकलं होतं, आणि तरी मीच तो घातला. मला कुणी सांगितला नाही, काकू. नॉर्बर्टअंकलना तर काही ठाऊकच नाही. काकांनी तुमचा शब्द मोडला नाही. तो मी मोडला."